कंपनी सोडत नाही

२ मे १९३५, गुरुवार
शेख उस्मान, एडन

तिकीट हातात आलं. पंधरा तारीख, बुधवार, सकाळची बोट, एडन ते मुंबई, डेकवरची जागा. चार वर्षं या मिठागरात काढून मुकादम हिरामण चांगो म्हात्रे आपल्या गावी भेंडखळला, उरण पेटा, जिल्हा कुलाबा, परत निघाले, हे कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून ही वही. वही हापिसातली आहे, तेहतीस सालची, कुणी वापरली नव्हती. तारखांपुढचे वार चुकीचे पडतात, ते मी खोडून नीट करीन.

इथे माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. माझ्याकडे शिट्टी आहे, छत्री आहे, आणि मी बांधावरून चाललो की बसलेली माणसं उठतात. गावी मी नामाचा धाकटा भाऊ. दादूस पुढे फळी घेऊन मीठ ओढणार आणि मी मागे पाटी डोक्यावर घेऊन धावणार, असं वयाच्या दहाव्या वर्षापासून चाललं होतं. यात कुणाचा दोष नाही. थोरला तो थोरला. मी फक्त लिहून ठेवतो.

येसूचं पत्र पुन्हा वाचलं. ती अक्षर शिकलेली नाही. ती सांगते आणि गावचे बाळाजी मास्तर लिहितात, त्यामुळे पत्रात निम्मी येसू आणि निम्मे मास्तर असतात. शेवटच्या तीन ओळी मात्र सगळ्या येसूच्या आहेत. 'ह्या वैशाखात आलात तर आलात. नाही आलात तर कमळला घेऊन मी बापाकडे पेणला जाते. मग पत्र धाडू नका, मी वाचून घेणार नाही.' कमळ माझी मुलगी. मी निघालो तेव्हा तीन महिन्यांनी जन्मायची होती. तिला मी पाहिलेलं नाही.

आता इथे एक गोष्ट खरीखरी लिहायला हवी, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. करार दोन वर्षांचा होता. तेहतीस साली तो संपला. माझ्याबरोबर आलेला गावचा तुळशीराम आपली ट्रंक उचलून गेला. मी पुन्हा सही केली आणि येसूला कळवलं, कंपनी सोडत नाही. तसं ते अगदीच खोटं नाही. मी 'सोडा' म्हटलंच नाही, तर कंपनी सोडणार कशी? तुळशीरामाला एकवीरेची शपथ घातली होती की गावात तोंड उघडू नको. माणूस शब्दाचा पक्का आहे. तो प्रश्न मिटला.

७ मे, मंगळवार

काल बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून बंदरात सगळ्या बोटींवर दिवे लावले होते. शेटजींनी सगळ्यांना मिठाई वाटली. शेटजी म्हणजे फरामजीशेट, आमचे मॅनेजर, मुंबईचे पारशी. ओरडतात फार, पण माणूस सोन्यासारखा.

सुट्टी होती म्हणून सालेमला घेऊन बाजारात गेलो. सालेम इथला अरब, माझ्या हाताखालचा पहिला माणूस, मला उस्ताद म्हणतो. कमळसाठी बूट घ्यायचे होते. माप कुठून आणणार? सालेमची फातमा तेवढ्याच वयाची, तिला दुकानात उभं केलं. फातमाने एक पाय उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि माझी टोपी धरून तोल सांभाळला, कारण तिला माझी सवय आहे. लाल बूट घेतले. दुकानदार म्हणाला, तुमची लेक अगदी तुमच्यावर गेली आहे. सालेम हसत सुटला. मला नाही हसू आलं. दुकानदारांना काही कळत नाही.

१२ मे, रविवार

गेले चार दिवस सालेमला मुकादमकी शिकवतो आहे. माझ्यामागे सगळं नीट चालायला हवं. पाणी कोणत्या कोंडीतून, म्हणजे मिठाच्या वाफ्यातून, कोणत्या कोंडीत कधी घ्यायचं, बोट बुडवून चाखलं की ते किती मुरलंय हे कसं ओळखायचं, वारा पडला की काय करायचं. मी एकेक सांगतो आणि तो मान हलवतो. आज विचारलं, "समजला क्या?" तो म्हणाला, "उस्ताद, ये तो हम दो साल से करता है."

म्हणजे दोन वर्षं मी पुढे छत्री घेऊन चालत होतो आणि मागे तो सगळं करत होता असं त्याला म्हणायचं आहे. अरब लोकांना बढाई मारायची खोड असते.

ट्रंक भरली. परत रिकामी केली. परत भरली. जागा पुरावी म्हणून.

१४ मे, मंगळवार. दुपार

परदेशातला शेवटचा दिवस. जीव अगदी शांत आहे. पहाटेच उठलो आणि सगळ्या कोंड्यांवरून एक फेरी मारली, एकूण एकतीस. पवनचक्क्या कुरकुरत होत्या, त्यांना राम राम केला. चार वर्षांपूर्वी आलो तेव्हा हसलो होतो की पाणी उचलायला पंखे कशाला, आमच्याकडे भरती फुकट येते. आता त्यांच्या आवाजाशिवाय झोप येत नाही.

सात नंबरच्या कोंडीत मीठ असं धरलं होतं की बघत राहावं. बोटभर थर, वाटाण्याएवढा दाणा, वर एक डाग नाही. उद्या सकाळी ओढायचं होतं. चार वर्षांतलं सगळ्यात देखणं मीठ, आणि तेही माझ्या शेवटच्या दिवशी.

आमच्याकडे हंगामाच्या शेवटी शेवटच्या कोंडीतलं मीठ काढत नाहीत. आभाळात ढग दिसू लागले की आगरी नारळ फोडतो, उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी उचलतो आणि खाडीचं पाणी त्या मिठावर सोडतो. खाडीचं खाडीला परत. पाण्याखाली कोंडीचा तळ पावसाळाभर शाबूत राहतो, ही त्यातली अक्कल. पण अक्कल नसती तरी आम्ही तेच केलं असतं. माझा बाप म्हणायचा, उघाडी न उघडता जो आगर सोडून जातो त्याचे पाय कुठल्याच आगरात टिकत नाहीत.

इथे ढग नाही, पाऊस नाही, म्हणून हंगाम संपतच नाही. वर्षाचे बारा महिने मीठ ओढायचं. चार वर्षांत एकदाही नारळ फुटला नाही. पण माझा हंगाम आज संपला की नाही? मग रीत सोडून कसं चालेल? नारळ नव्हता, बांधावर मूठभर खजूर ठेवला, हात जोडले, आणि सात नंबरची फळी उचलली.

मोठ्या तलावातलं कच्चं पाणी धो धो आत आलं. मीठ आधी करडं दिसलं, मग दिसेनासं झालं. मी उभा राहून बघत होतो. फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग सालेम ओरडत धावत आला.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळं सविस्तर लिहितो.

सालेमने उडी मारून फळी खाली दाबली, पण तोवर कोंडी भरली होती. दहा गाड्या मीठ गेलं. मी त्याला रीत समजावून सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "उस्ताद, कल सुबह नमक निकालते, फिर खाली कोंडी में पानी छोड़ते. आज क्यों छोड़ा?"

तेवढं सुचलं नाही, असं मी सांगितलं. ते खरंच आहे.

तो बांधावर बसला आणि म्हणाला, "तुम घर से डरता है."

मी म्हटलं, मुकादमाशी बोलायची ही पद्धत नाही. तो म्हणाला, उद्यापासून मुकादम मी आहे.

शेटजींनी बोलावलं. मी जाता जाता मनात सगळं जुळवलं होतं. चूक माझी, भरपाई माझी. उभा राहिलो आणि म्हटलं, "शेटजी, वीस दिवस द्या, कोंडी परत पिकवून देतो. उद्याची बोट जाऊ द्या, पुढची घेईन." येसूला काय लिहायचं तेही तयार होतं. मजकूर नवा शोधायची गरज नव्हती.

फरामजीशेट ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हिरामन, मी तुला कदी अडवला?"

मी टोपी काढून हातात घेतली.

"दोन वरस आगोदर मी तुला बोल्ला, जा घेर, बायडी वाट बघते. तू बोल्ला, शेटजी, अजून दोन वरस. मी बोल्ला, विचार कर. तू विचार नाय केला, सई केला. बरोबर?"

"बरोबर."

"माझी बायडी मुंबईला हाय. मला कंपनी खरोखर सोडत नाय. तू काय अडकला? गाँडो छे तू." गाँडो म्हणजे वेडा, आमच्या बोलीत येरा. मग त्यांनी चष्मा घातला. "मीठ पानीमाथी आला, पानीमां गेला. उद्या सकाली बोटीवर नाय दिसला तर मी स्वताचे हाताने उचलून तुला टाकीन."

त्यांना ते जमणार नाही, ते दमेकरी आहेत. पण त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. शेटजींनी मुकादमाचा हात धरल्याचं चार वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो. बावीसही माणसं उभी होती. सालेमच्या हातात शिट्टी दिली. छत्रीही दिली. फातमाने विचारलं उस्ताद कधी येणार, तर सालेमने तिला अरबीत काहीतरी सांगितलं आणि ती रडायला लागली. मग मीही रडलो. लोकांसमोर. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

मी घरी जायला घाबरत नाही. उगाच एखाद्याने म्हटलं म्हणून काही ते खरं होत नाही.

१५ मे, बुधवार. बोटीवर

निघालो. एडनचे काळे डोंगर तासभर दिसत होते. मला तरी मिठाचे ढीग त्याहून जास्त वेळ दिसले. डेकवर एका कुटुंबाला वाऱ्याची बाजू मी मिळवून दिली, खलाशाशी दोन शब्द बोलून. लोक ऐकतात माझं.

१७ मे, शुक्रवार. बोटीवर

समुद्र तेलासारखा गुळगुळीत. करण्यासारखं काही नाही, म्हणून विचार येतात.

सात नंबरचं मीठ काढून मग रिकाम्या कोंडीत पाणी सोडायची गोष्ट मला खरोखर सुचली नव्हती का? रात्रीपासून हेच मागे लागलं आहे. आगरात जन्म गेलेल्या माणसाला एवढं सुचू नये? सुचलं होतं बहुतेक. फळीला हात लावला तेव्हा मनात काय होतं ते आता आठवतं: आता नक्कीच थांबवून घेतील.

लिहिलं. वाटलं होतं लिहिल्यावर वाईट वाटेल. तसं काही वाटत नाही. उलट भूक लागली.

येसूला सगळं सांगायचं असं ठरवलं आहे. धक्क्यावर नाही. घरी गेल्यावर. किंवा दोन दिवसांनी. पण सांगायचं.

२० मे, सोमवार. भेंडखळ

घरी आलो. माझ्या गावात, माझ्या पडवीत बसून लिहितो आहे.

मुंबईला सकाळी उतरलो, भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराची लाँच धरली. मोऱ्याच्या धक्क्यावर दादूस बैलगाडी घेऊन उभा होता. चार वर्षांत केस पार पांढरे झाले. मी वाकलो तर त्याने वाकूच दिलं नाही, घट्ट धरून ठेवलं. येसू नव्हती. म्हणाला, "ती आगरावर हाय. मीठ तयार झालंय, टाकून कशी येल?"

मला राग आला. चार वर्षांनी नवरा येतो आणि बाईला मीठ सुचतं? पण नवीन कोट घातला होता, कोटात माणूस उगाच भांडत नाही.

रस्त्यात जो भेटेल तो गाडी थांबवून कंपनीला शिव्या घालत होता. "सोरला काय रं राक्षसांनी?" "मेल्यांच्या पवनचक्क्या मोरून परतील!" चार वर्षांनी आमच्या बोलीतला 'ड'चा 'र' कानावर आला, तोही या शिव्यांतून. मग दादूसने सांगितलं. बाळाजी मास्तरांनी अर्ज लिहिला आहे, कलेक्टरसाहेबांच्या नावे, की सदर कंपनीने आमच्या गावच्या गरीब इसमास दोन वर्षं डांबून ठेवलं. एक्केचाळीस अंगठे घेतले आहेत. कचेरीत चौकशी करायला दादूस स्वतः तीनदा अलिबागेला जाऊन आला, करंज्यावरून रेवसला होडीने आणि पुढे पायी. तिसऱ्या वेळी त्याला तिथे ताप भरला.

"आता तू आयलास तं कामच झालं," तो म्हणाला. "तुजी सई वर पायजे, म्हंजे तो कंपनीवाला सुटाचा नाय."

ज्याच्या मागे पाटी घेऊन धावायला नको म्हणून मी समुद्रापार बसलो, तो माझ्यासाठी अलिबागेला पायी जात होता. गाडीत मला तोंड कुठे लपवावं कळेना. घर आलं तरी मी उतरलो नाही, तसाच आगरावर गेलो, कोट आणि बुटांसकट.

येसू कोंडीत उभी राहून मीठ ओढत होती. माडाच्या झापांच्या सावलीत एक पोरगी बसली होती. माझ्याकडे बघून ती उठली आणि झापांच्या मागे गेली.

"आयलाव?" येसू म्हणाली.

"आयलो."

तिने फळी थांबवली नाही. मी ठरवलं होतं दोन दिवसांनी सांगायचं. पण ती इतकी वाळली होती, आणि तिचे हात मिठाने असे फाटले होते, की मला दोन दिवस धीर निघाला नाही. मी म्हटलं, "येसू, कंपनीनं अरवला नव्हता मना. मीच सई केली."

"ठावं हाय."

"कोनी सांगलं?"

"तुलशीरामाच्या बायकोनं. दोन वरसं झाली."

शपथ मी तुळशीरामाला घातली होती. त्याच्या बायकोला नाही. चांगला मुकादम सगळ्या फटी बुजवतो म्हणे.

"मंग दर पत्रात कंपनीला इनवा, कंपनीच्या पाया परा, असं का लिवायचीस?"

आता ती थांबली. "मास्तर पत्र लिवतं नि गावभर सांगतं. लोकं कंपनीला शिव्या घालतात. कंपनीला काय लागतं? मना लागलं असतं."

ती परत मीठ ओढू लागली. मग मान वर न करता म्हणाली, "अर्ज जाऊं द्या. सई करा नि गप रावा. कलेक्टर काय वाचतं?"

कमळ झापांमागून एका डोळ्याने बघत होती. मी हात केला तर तिने तो डोळाही झाकला.

२२ मे, बुधवार

काल काही लिहिलं नाही. काल दिवसभर गावाने मला ओवाळलं, कोंबडी काय, भाकरी काय. मुलांनी विचारलं कोठडीत उंदीर होते का. लाल बूट कमळच्या पायात गेले नाहीत. आमच्या पोरींचे पाय मातीत वाढतात, पुढून रुंद होतात. तिने बूट हातात घालून अंगणभर चालवले. माझ्याशी बोलली नाही.

आज सकाळी शाळेच्या ओसरीवर सगळे जमले. मास्तरांनी अर्ज मोठ्याने वाचला. मराठी अशी की मलाही माझी दया आली. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिरामण, पायात बेडी होती काय? असल्यास वण दाखव, तेही घालू." आणि टाक माझ्या हातात दिला. दादूस शेजारी अंगठ्याला शाई लावून तयार, साक्षीदार म्हणून. येसू बायकांमध्ये कमळला मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे करा सही.

मला करता आली असती. काहीच कठीण नव्हतं. पण डोळ्यांपुढे फरामजीशेट चष्मा काढून बसले. चार वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला राक्षस म्हणून सरकारदरबारी खेचायचं? आणि दादूस चौथ्यांदा अलिबागेला पायी जाणार, या उन्हात, एका खोट्यासाठी?

मी टाक खाली ठेवला.

"कंपनीनं डांबला नव्हता मना," मी म्हटलं. "दोन वरसांनी तिनं सोरला. मीच रायलो. येसूला खोटं कलवलं. तिचा यात काय दोष नाय."

मग एक म्हातारा खो खो हसला आणि खोकू लागला. मास्तर अर्जाकडे बघत होते. "मग या एक्केचाळीस अंगठ्यांचं काय करू?" एवढंच ते म्हणाले. त्यांचं मला वाईट वाटलं, महिनाभर खपून लिहिला होता.

दादूस शाईचा अंगठा बघत बसला. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "माज्यामुलं रायलास?"

मी नाही म्हणालो. हे खोटं होतं. पण एका सकाळी माणसाने किती खरं बोलावं? मी त्याच्या अंगठ्यावरची शाई माझ्या नव्या कोटाला पुसली. त्याला काय समजलं ठाऊक नाही, पण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठेपर्यंत काढला नाही.

येसू मात्र तोवर निघाली होती. कमळला काखेत घेऊन, बांधावरून, तरतर. मी मागे धावलो. मनात एकच: आता ही पेणला जाते. चुकीच्या वेळी खरं बोलून मी घर बुडवलं. हाक मारली तरी थांबेना. शेवटी पायातले बूट काढून हातात घेतले तेव्हा कुठे तिला गाठता आलं.

ती वळली. डोळे भरलेले होते आणि आवाज चढलेला. "दोन वरसं मी झाकलं, ते तुमी एका घरीत उघरं केलंत! आता बाया मना इचारतील, तुजा नवरा तुला टाकून का रायला? काय सांगू मी?"

हा प्रश्न तिला दोन वर्षं कुणी विचारू नये म्हणून ती एका कंपनीला पुढे करून तिच्या मागे उभी राहिली होती. आणि मी तिथे छत्री घेऊन फिरत होतो. मला फार लाज वाटली. येसूपुढे मी कधी बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, "मी भ्यालो व्हतो. हितं मी कोनी नव्हतो, थितं मुकादम व्हतो. परत आयलो तं तू काय म्हनशील, याची भीती वाटत गेली. जितकी वरसं गेली तितकी जास्ती वाटली. सांग सगल्यांना, माजा नवरा येरा व्हता."

"ते तं मी सांगनारच हाय," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले. "पन तुमी माज्या बाजूला उभं रावून ऐकाचं. सगल्या घरी. एक घर सोराचं नाय."

मी हो म्हटलं.

मला वाटलं रागात बोलली. पण दुपारी भाकऱ्या झाल्यावर तिने धुवट लुगडं नेसलं आणि दारात येऊन उभी राहिली. "चला."

पहिलं घर तुळशीरामाचं. त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, जणू तिला काहीच माहीत नव्हतं. तुळशीराम आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. दुसऱ्या घरी म्हातारीने येसूची बाजू घेऊन मला अर्धा तास सुनावलं, आणि येसू गप्प बसून, एकही शब्द न गाळता, ऐकत राहिली. तिला ते ऐकायचं होतं. मीही मान खाली घालून उभा राहिलो. उभं राहता येतं, हे मला नव्याने कळलं.

तिसऱ्या घरी बाई दारात येताच येसूने तोंड उघडलं, पण तिच्याआधी कमळच पुढे होऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "माजा बापूस येरा व्हता!"

सगळे हसले. बाई हसली, येसू हसली, चार वर्षांनी मी तिला हसताना पाहिलं. कमळने वळून माझ्याकडे बघितलं, मी रागावलो की काय ते पाहायला. मी रागावलो नव्हतो, हसू आवरत नव्हतं. तिला धीर आला. पुढच्या घराकडे ओढत न्यायला तिने माझं बोट धरलं.